शिरस्त्राणावरील तो क्रॉस शौर्यपदकाचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत पहिल्या महायुद्धातील भारतीय सैनिकांवर आलेल्या लेखासोबत जर्मन सैन्याच्या एका टोकदार शिरस्त्राणाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आहे. दर्शनी बाजूच्या गरुडावर जो क्रॉस दिसतो, त्याला छायाचित्राखालील ओळीत ‘आयर्न क्रॉस’ म्हटले असून, हे शिरस्त्राण शौर्यपदक मिळवलेल्या एखाद्या कसलेल्या अधिकाऱ्याचे असावे, असा निष्कर्षही काढला आहे. लेख वाचनीय आहे. परंतु ही ओळ दुरुस्त व्हायला हवी. हा क्रॉस पदक नाही. शिरस्त्राणाचा धनी कायम सैन्यातला नसून राखीव दलातला किंवा ‘लांडवेर’ या नागरी सेनेतला होता, एवढेच तो सांगतो.

या दोन क्रॉसची गल्लत होण्याला कारण आहे, कारण ते जन्माने जवळजवळ जुळे आहेत. नेपोलियनकडून पराभव पत्करल्यानंतर प्रशिया या जर्मन राज्याला १८०८च्या तहाने ४२,००० पेक्षा अधिक फौज बाळगण्याची बंदी होती. रशियातील मोहीम फसून नेपोलियन दुबळा झाल्यावर राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याने दिवंगत राणी लुईजे हिच्या जन्मदिनाची, म्हणजे १० मार्च १८१३ ही तारीख घालून आयर्न क्रॉस हे पदक सुरू केले आणि लगेच १७ मार्चला १७ ते ४० वयाच्या पुरुषांतून लांडवेर उभारण्याचा हुकूम काढला. या शेतकरी-कारागिरांना धड गणवेश नव्हता, पुष्कळांना बूट नव्हते आणि सुरुवातीला काहींच्या हाती बंदुकीऐवजी भालेच होते. साध्या कापडी टोपीवर लावलेला पांढऱ्या धातूचा क्रॉस हीच त्यांची ठळक खूण. त्यावर ‘मिट गॉट फ्यूर क्योनिश उंड फाटरलांट’, म्हणजे ‘देवासह, राजा आणि पितृभूमीसाठी’, हे शब्द आणि १८१३ हे साल होते. याच लोकांनी त्या वर्षीच्या २७ ऑगस्टला हागेलबेर्गच्या लढाईत बंदुकीच्या दस्त्यांनी हाणामारी केली.

आयर्न क्रॉस काळ्या लोखंडाचा, रुपेरी कडेचा असतो. त्याचा दुसरा वर्ग फितीला लावून आणि पहिला वर्ग छातीच्या डाव्या बाजूला अडकवून मिरवत. डोक्यावर तो कधीच नसे. लांडवेरच्या क्रॉसवर मात्र चारही बाहूंवर अक्षरे पसरलेली असतात. आपल्या छायाचित्रात, भिंग लावून पाहिल्यास, ती अक्षरे दिसतात. १८१३ हे साल पाहून ते शिरस्त्राण नेपोलियनच्या काळातले ठरवण्याचीही चूक लोक करतात; पण टोकदार शिरस्त्राण प्रशियाच्या सैन्यात आले ते १८४२ साली. शंभर वर्षांनंतरच्या टोपीवरही तेच साल कोरले जात होते, कारण ते बनावटीचे साल नसून लांडवेरच्या स्थापनेचे आहे.

पुढे या खुणेचा अर्थ बदलत गेला, आणि मला हा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. १८६०च्या सुमारास युद्धमंत्री रोन याने सैन्याची फेररचना करताना मध्यमवर्गीय अधिकाऱ्यांच्या लांडवेरला आघाडीच्या फौजेतून मागे सारले. त्यावरून संसदेशी जो संघर्ष पेटला, त्यातूनच १८६२ मध्ये बिस्मार्क सत्तेवर आला. नंतरच्या जर्मन साम्राज्यात सुशिक्षित घरातील तरुण स्वतःच्या खर्चाने एक वर्ष सैन्यात नोकरी करून, रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांनी पसंत केल्यास, राखीव अधिकारी होत. गणवेश त्यांच्या रेजिमेंटचाच असे. शिरस्त्राणावरील चिन्हात क्रॉसची भर पडे आणि नेहमीच्या टोपीवर राज्याच्या रंगांच्या गोल बिल्ल्यावर इवलासा क्रॉस बसे. हा इवलासा क्रॉस समाजात फार मोठा होता. प्राध्यापक, वकील किंवा कारखानदार आपल्या भेटपत्रावर राखीव लेफ्टनंट ही पदवी अभिमानाने छापत असे. प्रशियात १८८५ पासून महायुद्धापर्यंत धर्मांतर न केलेल्या एकाही ज्यू तरुणाला हे पद मिळाले नाही. पुढे परराष्ट्रमंत्री झालेला वाल्टर राटेनाउही त्यापासून वंचित राहिला. कोणाच्या टोपीवर क्रॉस आहे यापेक्षा कोणाच्या टोपीवर तो येऊ दिला नाही, हे त्या साम्राज्याबद्दल अधिक बोलते.

त्याखालच्या थरात, म्हणजे वयस्क पुरुषांच्या ‘लांडस्टुर्म’मध्ये, दिमाख नव्हताच. मेणकापडाची काळी टोपी आणि तिच्यावर क्रॉस, एवढेच त्यांच्या वाट्याला येई. रणांगणावर तर शिरस्त्राणाच्या चकाकीवर कापडी आवरण चढवले जाई आणि मग ओळख पटवायला आवरणावर शिवलेला रेजिमेंटचा क्रमांक उरे. त्या क्रमांकासोबत राखीव रेजिमेंटसाठी ‘आर’ आणि लांडवेरसाठी ‘एल’ हे अक्षर असे. अंक आधी लाल होते, १९१४ मध्ये ते हिरवे करण्यात आले. डोक्यावरच्या खुणेला किती किंमत असते, हे बव्हेरिया या दुसऱ्या जर्मन राज्याच्या १६व्या राखीव रेजिमेंटला त्याच वर्षी कळले. शिरस्त्राणे अपुरी पडल्याने या नव्या रेजिमेंटला लांडस्टुर्मच्या टोप्या राखाडी आवरणासह दिल्या होत्या. ऑक्टोबरअखेर बेल्जियममधील ईप्रच्या लढाईत त्या लांबून ब्रिटिश टोप्यांसारख्या दिसल्या आणि त्यांच्यावर आपल्याच बाजूने गोळीबार झाला. अडॉल्फ हिटलर हा तेव्हा याच रेजिमेंटमध्ये साधा शिपाई होता.

आपल्या लेखाच्या विषयाशी याचा थेट संबंध आहे. १० मार्च १९१५ रोजी फ्रान्समधील न्यू शापेल या गावावर हल्ला चढवणाऱ्या भारतीय फौजेत मीरत डिव्हिजन होती आणि १२ तारखेला तिच्यासमोर प्रतिहल्ल्याला उतरलेल्या सैन्यात बव्हेरियाची ६वी राखीव डिव्हिजन होती. म्हणजे आपल्या जवानांची गाठ तेथे ज्यांच्याशी पडली, त्यांत काल-परवापर्यंत दुकान, शाळा किंवा शेत सांभाळणारी माणसे मोठ्या संख्येने होती. मात्र छायाचित्रातील शिरस्त्राण बव्हेरियन नाही. तसे असते तर गरुडाऐवजी सिंह आणि ‘इन ट्रॉये फेस्ट’, म्हणजे ‘निष्ठेत अढळ’, हे ब्रीद दिसले असते. गरुड आणि त्याच्या पंखांवरील पट्टीवरचे ब्रीद यांवरून ते प्रशियाचे ठरते. दोन्ही बाजूंचे गोल बिल्ले शाबूत असतील, तर खात्री आणखी पक्की होईल: १८९७ पासून उजवीकडे साम्राज्याचा काळा-पांढरा-लाल बिल्ला आणि डावीकडे राज्याचा, प्रशियाच्या बाबतीत काळा-पांढरा-काळा, असे.

तेव्हा पुढील अंकात ‘आयर्न क्रॉस’ऐवजी ‘राखीव अधिकारी किंवा लांडवेर यांचा क्रॉस’ अशी दुरुस्ती छापावी आणि शौर्यपदकाचा उल्लेख वगळावा, ही विनंती. ते शिरस्त्राण ज्यांच्या संग्रहात आहे, त्यांनी बाजूच्या बिल्ल्यांची व आतील शिक्क्यांची छायाचित्रे आपल्याकडे पाठवल्यास तीही छापावीत. कळावे.

आपला,
एक वाचक, पुणे