अन्नाच्या अ‍ॅलर्जीबाबत शाळांना लेखी आदेश हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळाप्रवेशाच्या अर्जात मुलाचा रक्तगट, आधार क्रमांक आणि लसीकरणाची माहिती विचारली जाते. अन्नाच्या अ‍ॅलर्जीची नोंद मात्र बहुधा ‘इतर आजार असल्यास’ या एका ओळीत उरकावी लागते. माझ्या मुलीला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे, हे मी त्या ओळीत दर जूनमध्ये लिहिते. अर्ज कार्यालयातल्या फायलीत जातो. वर्गशिक्षिका, डब्याच्या सुट्टीत लक्ष ठेवणाऱ्या मावशी किंवा एखाद्या तासाला आलेले बदली शिक्षक यांच्यापर्यंत ती नोंद पोहोचतेच असे नाही.

आपल्याकडे शेंगदाणा दरवेळी दिसत नाही, ही खरी अडचण आहे. चिक्की ओळखता येते. पण कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, संक्रांतीच्या तिळाच्या वडीत दाण्याचे कूट असते आणि वडी देणाऱ्याच्या ते लक्षातही नसते. पाकीटबंद पदार्थांवर शेंगदाणा, दूध, अंडे, सोयाबीन, मासे इत्यादी घटकांचा उल्लेख २०२० च्या लेबलविषयक नियमांनी सक्तीचा केला आहे. (त्या यादीत तीळ नाही, हे तिळाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांनी ध्यानात ठेवावे.) पण वर्गात वाटलेल्या सुट्या लाडवाला लेबल कुठले? वाढदिवसाला खाऊऐवजी पेन्सिली किंवा वह्या वाटण्याची पद्धत काही शाळांनी पाडली आहे, ती सर्वांनीच उचलावी. डबा खाल्ल्यावर मुलांनी हात साबणाने धुवावेत. सॅनिटायझरने शेंगदाण्याचा अंश जात नाही.

शाळेत सरसकट शेंगदाणाबंदी करा, अशी माझी मागणी नाही. ती पाळली जाणार नाही, शिवाय तिच्या भरवशावर सगळेच गाफील राहतील. आणि अनेक मुलांसाठी चिक्की हा स्वस्त, पौष्टिक आहार आहे. पोषण आहारात २०२३ मध्ये अंडी सुरू करताना ती न खाणाऱ्यांना केळे देण्याची सोय शासनानेच केली होती. आवडीनिवडीसाठी किंवा श्रद्धेसाठी जे जमते, ते जिवाच्या धोक्यासाठी जमायला हरकत नसावी.

याहून गंभीर प्रश्न प्रत्यक्ष त्रास सुरू झाल्यावर काय करायचे, हा आहे. अंगावर गांधी उठल्या की ‘पित्त उठले असेल’ म्हणून आमसुलाचे पाणी लावण्याकडे आपला कल असतो, आणि नुसत्या खाजेपुरते ते ठीकही आहे. पण काही खाल्ल्यानंतर मुलाचा आवाज बसला, सतत खोकला किंवा घरघर सुरू झाली, वारंवार उलट्या होऊ लागल्या किंवा मूल एकाएकी मलूल पडले, तर ती अ‍ॅनाफिलॅक्सिसची, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीची लक्षणे असू शकतात. अशा वेळी पहिले औषध म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यायचे अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन. अ‍ॅलर्जीच्या गोळीने खाज कमी होते, आवळलेली श्वासनलिका मोकळी होत नाही. मुलाला कार्यालयापर्यंत चालवत नेऊ नये. आडवे करून पाय उंच ठेवावेत, श्वास लागत असेल तर बसू द्यावे. १०८ ला फोन करावा आणि बरे वाटू लागले तरी रुग्णालयात न्यावेच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून शाळांना हे औषध स्वयंचलित इंजेक्शनच्या स्वरूपात, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, आणीबाणीसाठी विकत घेऊन ठेवता येते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात तर २००६ पासून याबाबतचे धोरण ठरवणे शालेय मंडळांना कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याकडे असे तयार इंजेक्शन सहज मिळत नाही; मिळते ते अ‍ॅम्प्यूल, म्हणजे औषधाची काचेची बंद कुपी. ते स्वस्त आहे, परंतु मुलाच्या वजनानुसार मात्रा मोजून सिरिंजमध्ये भरावी लागते आणि घाबरलेल्या, कधीही सुई हाती न धरलेल्या माणसाकडून ते होणार नाही. त्यासाठी प्रशिक्षण लागेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके मुलांच्या तपासणीसाठी शाळांमध्ये येतातच. त्याच भेटीत दोन-तीन शिक्षकांना हे शिकवता येईल.

शिक्षकांची भीती मात्र मला रास्त वाटते. आधीच निवडणुका, सर्वेक्षणे आणि माहिती भरण्याच्या कामांनी ते गांजलेले आहेत. त्यात सुई टोचून काही विपरीत घडले तर जबाबदार कोण, असे त्यांनी विचारले तर चुकले कुठे? रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने स्पष्ट संरक्षण दिले आहे. डॉक्टरांच्या लेखी सूचनेनुसार सद्हेतूने इंजेक्शन देणाऱ्या प्रशिक्षित शिक्षकालाही तितक्याच स्पष्ट शब्दांत संरक्षण मिळायला हवे.

शालेय शिक्षण आणि आरोग्य या दोन्ही विभागांनी मिळून नवे सत्र सुरू होण्यापूर्वी तसा आदेश काढावा. अ‍ॅलर्जी असलेल्या प्रत्येक मुलाची डॉक्टरांनी सही केलेली एकपानी कृती योजना, छायाचित्रासह, शिक्षकखोलीत आणि पोषण आहार शिजवणाऱ्यांकडे असावी. औषध कुलूपबंद कपाटात न ठेवता शिक्षकांच्या हाताशी, पण मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे आणि त्याची मुदत दर तीन महिन्यांनी कोणी तपासायची, हे पदनामासह त्याच आदेशात लिहावे.

– एक पालक, नाशिक