बाई, तुम्ही माझा पेपर वाचलात

ती. बाईंस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणायचीही सोय नाही, इतकी वर्षं गेली. शिवाय हे मी उघडं लिहितोय, चारचौघांनी वाचावं म्हणून, आणि ते तुम्हाला मुळीच आवडणार नाही. 'माझं नाव घालू नकोस हं,' असं म्हणाल म्हणून नाव घातलेलं नाही. पुण्यातल्या त्या पेठेतल्या लाकडी जिन्यावरून ज्या पोरांनी चढउतार केली, त्यांना कळायचं ते कळेलच.

जून २०१६. इंजिनिअरिंगचं थर्ड इयर संपलं होतं आणि सेकंड इयरचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, चौथ्यांदा राहिला होता. तो निघाल्याशिवाय लास्ट इयरला प्रवेश नाही. म्हणजे वाय.डी., इयर डाऊन, अख्खं वर्ष वाया. वर्गातली पोरं प्रोजेक्टचे ग्रुप पाडत होती, आणि मी तुमच्याकडच्या कॉट बेसिसच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होतो. कॉलेजच्या जिन्यात 'अपयश ही यशाची पहिली पायरी' असा बोर्ड होता. चार वेळा त्याच पायरीवर उभं राहिलेल्या माणसाला तो बोर्ड वाचून काय वाटतं, हे तो रंगवणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं.

दहावीला मला मराठी माध्यमातून ९२ टक्के होते. करमाळ्याकडच्या आमच्या गावात चौकात फ्लेक्स लागला होता. तो फ्लेक्स नंतर आप्पांनी कडब्यावर झाकायला घेतला, पण मी मनातून तो उतरवला नव्हता. त्यामुळे नापास झालो, हे वाक्य मला तोंडातून काढताच येत नव्हतं. आप्पांचा फोन आला की जिन्यात जाऊन सांगायचो, "रिझल्ट विथहेल्ड आहे." तिसऱ्यांदा असं सांगून वळलो, तर तुम्ही दुधाची पिशवी हातात घेऊन दारात उभ्या.

"विथहेल्ड म्हणजे काय रे?"

"राखून ठेवलाय, बाई."

"कुणी? विद्यापीठानं की तू?"

मग आत बोलावून चहा दिलात. मी तुम्हाला नेहमीचं गाऱ्हाणं ऐकवलं. पेपर चांगला गेला होता, तपासणाऱ्यानं बघितलाच नाही, रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरणार आहे. तुम्ही म्हणालात, आधी छायाप्रत काढ. बघितलेल्या पेपरवर भांडावं, न बघितलेल्या पेपरवर काय भांडायचं. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीला हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०११ मध्येच दिलेला होता, हे मला तुमच्या स्वयंपाकघरात कळलं. चार वेळा नापास होऊन मी स्वतःचा पेपर एकदाही पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर बघायची भीती वाटत होती. न बघितलेल्या पेपरात दोष तपासणाऱ्याचा असू शकतो.

छायाप्रत आली त्या दिवशी तुम्ही ओटा पुसून घेतलात, चष्मा डोक्यावरून नाकावर आणलात आणि पेन्सिलीला टोक केलंत. म्हणालात, "तुझं हे गणित मला येत नाही. पण बोर्डाचे गठ्ठे तपासण्यात माझे किती उन्हाळे गेलेत. पेपर वाचता येतो."

आणि खरंच, तुम्ही गणित वाचलंच नाहीत. आधी पानं मोजलीत. पहिल्या गणिताला चार पानं होती. किती मार्कांचं? चार. मिळाले किती? चार. "म्हणजे मार्काला एक पान," असं म्हणून समासात बारीक खूण केलीत. मग नवव्या पानावर पेन्सिल थांबली. तिथपर्यंत माझं अक्षर ओळीत होतं, पुढे ते मोठं होत उजवीकडे वर चढायला लागलं होतं. "इथे घड्याळ बघितलंस," तुम्ही म्हणालात. मी गार पडलो. बघितलं होतं. निम्म्याहून जास्त वेळ गेला होता आणि माझे दोनच प्रश्न झाले होते.

अकराव्या पानावर एक अख्खं गणित मी तिरक्या रेघा मारून खोडलं होतं.

"हे का खोडलंस?"

"चुकलं होतं."

"कशावरून?"

डिफरन्शिअल इक्वेशन होतं. डाव्या बाजूला डी वर्ग वजा पाच डी अधिक सहा, उजवीकडे ई चा थ्री एक्स घात. रीत अशी की डावी बाजू छेदात न्यायची आणि डी च्या जागी ३ घालायचे. घातले तर ९ वजा १५ अधिक ६, म्हणजे छेदात शून्य. शून्य बघून माझे हातपाय गळाले आणि मी सगळंच खोडलं. पाठ केलेल्या गणितांत खाली शून्य कधी आलं नव्हतं. ज्या पानावर ते येतं, ते पान मी ऑप्शनला टाकलं होतं.

पुस्तक काढून दाखव म्हणालात. त्या पानावरचं शीर्षक होतं 'केस ऑफ फेल्युअर'. छेदात शून्य आलं तर वर एक्स ने गुणायचं, खालच्याचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं आणि मग पुन्हा ३ घालायचे. दोन डी वजा पाच, म्हणजे एक. उत्तर एक्स गुणिले ई चा थ्री एक्स घात. दोन ओळींचं काम. तुम्हाला हसू आवरेना. "अरे, फेल झाल्यावर काय करायचं ते पुस्तकात छापलंय की!" मला तेव्हा अजिबात हसू आलं नाही, उलट तुमचा रागच आला. आज ती ओळ मी मित्रांना माझी म्हणून ऐकवतो, तेवढी माफी असावी.

त्यानंतर तुम्ही विचारलंत, ही सगळी पाठ केलेली गणितं आहेत ना? मी गप्प. मला वाटलं आता व्याख्यान होणार. तुम्ही मात्र पेन्सिल खाली ठेवलीत आणि म्हणालात, "दहावीला पाठ करून निभतं. मीच तशी कितीक पोरं काढलीत. नव्वदच्या वर गेली की पेढे खाल्लेत. पुढे त्यांचं काय झालं असेल, कुणास ठाऊक." एवढं बोलून तुम्ही कुकर लावायला उठलात. दोष वाटून घेणारं माणूस तोवर मला भेटलं नव्हतं. जे ते मला तरी धरत होतं, नाहीतर विद्यापीठाला.

आप्पांना फोन तुमच्यासमोरच करायला लावलात. वाय.डी. म्हणजे काय ते समजावून सांगितलं. पलीकडं जरा वेळ शांतता. मग, "म्हंजे फी पुन्हा भरायची का?" नाही, फक्त परीक्षेची. "मग आवाज का असा काढलायस?" झालं. दीड महिना मी ज्याला घाबरत होतो, ते प्रकरण दोन मिनिटांत संपलं.

जुलैत तुमच्याकडे गल्लीतली दोन मुलं दहावीच्या पुरवणी परीक्षेसाठी यायची. ही परीक्षा २०१५ पासून जुलैत होऊ लागली, याचं तुम्हाला फार अप्रूप. पूर्वी ऑक्टोबरची वाट बघावी लागायची आणि तोवर एखाद्या पोरीचं लग्नच ठरलेलं असायचं, हे तुम्ही मटार सोलावेत इतक्या सहज सांगितलंत. तुमचा गुडघा दुखायला लागला (दुखत होता की तसं सांगितलंत, याची मला अजून शंका आहे) आणि वर्गसमीकरणं शिकवायचं काम माझ्याकडे आलं. त्यातल्या मुलीला एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा याचे अवयव पाडून दाखवत होतो. मुळं २ आणि ३. लिहिता लिहिता माझाच हात थांबला. हेच ते, अकराव्या पानावरचं! ३ हे मूळच आहे, म्हणून तर ३ घातल्यावर शून्य येतं. ते यायलाच हवं. मी ओरडलो तेव्हा ती पोर दचकली आणि तुम्ही आतून म्हणालात, "म्हणजे तुझं इंजिनिअरिंग आमच्या दहावीतच आहे होय!"

तिथून पुढे रोज रात्री एक गणित. तुम्ही भाजी निवडायच्या, मी मराठीतून पायरी न पायरी सांगायचो. तुम्हाला काही कळत नसायचं, पण मी जिथे घाईनं उडी मारायचो तिथेच नेमकं "का?" यायचं. कसं, ते मला अजून कळलेलं नाही. बहुतेक आवाजावरून. ताटाशेजारी घड्याळही ठेवलेलं असायचं. भाडं मात्र एकाही महिन्याचं सोडलं नाहीत, आणि ते बरंच झालं. माझ्यावर कुणी दया केली, असं मला कधी वाटलं नाही.

डिसेंबरात एम-थ्री निघाला. ५४ मार्क. पेढे आणले तर तुम्ही अर्धाच घेतलात, साखर वाढलीय म्हणून.

सध्या चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. रिजेक्ट झालेले पार्ट लाल पेटीत जातात. रोज सकाळी त्यातला एकेक उचलून बघायचा, नेमकं कुठे आणि का बिघडलं ते लिहायचं. पार्टला कुणी ढ म्हणत नाही. माझ्या खिशात पेनाशेजारी एक पेन्सिल असते, त्यावरून शॉपवर माझी चेष्टा होते.

आता पत्र लिहायचं खरं कारण. माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी यंदा बारावीला केमिस्ट्रीत राहिली. जेवते, झोपते, पण कुणाशी बोलत नाही. मी तिला काही शिकवण्याच्या भानगडीत पडलो नाही, फक्त छायाप्रतीसाठी अर्ज करायला लावला. ती आल्यावर एका रविवारी तिला घेऊन येऊ का? तुमची पूजा आटोपल्यावर, दहाच्या सुमारास. केमिस्ट्री तुम्हाला येत नाही, हे मी तिला आधीच सांगून ठेवलंय. मटार मिळाले तर घेऊन येतो, नाहीतर गवार.

आपला,
खिडकीजवळच्या कॉटवरचा