‘विसर आता’ म्हणायचं आधी थांबवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुरवणीत ऑडिओबुकवर लेख आलेला, त्यात कामं करता करता ऐका असं होतं, ते सगळ्याच पुस्तकांना चालत नाही एवढं सांगायला लिहितेय. मी नुकतंच एका बाईचं आत्मकथन ऐकलं. लहानपणी घरातल्याच माणसानं केलेले अत्याचार आणि त्यातनं सावरण्यात गेलेली पुढची सगळी वर्षं, वाचलंय पण तिनं स्वतःच. छापील पुस्तकात सोसत नसलेलं पान उलटता येतं ओ, इथं ती मध्येच गप्प होते, मला वाटलं नेट गेलं, मग तिचा श्वास ऐकू आला. गॅस बंद करून ओट्यापाशीच उभी राहिले.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. तिनं आईला सांगितलं तर आई म्हणाली कुणाला बोलू नकोस, आणि मोठेपणी जिला जिला सांगितलं ती म्हणाली, विसर आता.

आपल्याकडं कोल्हापुरात 2019 च्या पुराचा विषय निघाला की दोन तास कुणी उठत नाही. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आणि तेव्हा पाणी 55 च्या वर गेलेलं, हे शाळेतली पोरं पण सांगतात. पाणी कितव्या पायरीला लागलं, जनावरं कुठं हलवली, सगळं तोंडपाठ. 2021 ला परत तेच. पुरात बुडालेल्या आंबेवाडी-चिखलीच्या माणसांना कुणी म्हणत नाही की किती वर्षं तेच उगाळताय. मग घरातल्या पोरीनं, सुनेनं तोंड उघडलं की आपल्याला एवढी घाई का होते?

जुडिथ हर्मन या अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1992 मध्येच लिहून ठेवलंय की आधी माणसाला सुरक्षित वाटायला पाहिजे, मग जे झालं ते आठवून त्याचं दुःख करायचं, आणि मग परत चारचौघांत यायचं, आणि हे पण सरळ रेषेत होत नाही, पुढं-मागं होतं. आपण पहिलं दोन्ही सोडून थेट तिसऱ्यावर ढकलतो, लग्नाला ये, जरा हस, लोक काय म्हणतील. आत्मकथनातली ही बाई पण बरी होत होत परत कोसळते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं आता तरी चांगलं व्हावं. तसं वाटणं चूक नाही पण ती घाई आपली असते, तिची नसते.

म्हणून विनंती आहे. अशा पुस्तकावर लिहाल तेव्हा आत काय आहे ते आधीच सांगा, कारण ज्यांच्यावर असं बेतलंय त्यांनी ते एकटीनं, एका बैठकीत ऐकू नये असं मला मनापासून वाटतं. आणि खाली टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर द्या, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री पण लागतो, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी 1098. जागा कमी पडली तर माझं पत्र कापा पण नंबर छापा.

एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर