हरिपूरच्या आक्कांना, लव्हाळ्याबद्दल

आक्का, सप्रेम नमस्कार.

तुमची नात वाचून दाखवेल, या भरवशावर लिहितेय.

२०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमचं गावभागातलं परडं पार बुडालं होतं. पाणी ओसरलं, गाळ राहिला आणि त्या गाळातून उठलेल्या लव्हाळ्यानं अबोली, गवती चहा, सगळं गिळलं. मशीनवाल्यानं कापला, तर आठवड्यात पुन्हा बोटभर वर. दुकानदारानं औषध दिलं. पात पिवळी पडली, पण कोंब काही दिवसांत हजर. पैसे मात्र दोघांनी मोजून घेतले. फरशीच घालून टाकू, असं घरात ठरत आलं होतं.

तुम्हाला बोलावलं ते भांगलणीला, खुरप्यानं तण काढायला, ऐन श्रावणात. तुम्ही पिशवीतून खुरपं काढलंच नाही. कुदळ मागितलीत, एक ठोंब खालपासून उचललात आणि पायरीवर पसरलात. सुतासारख्या मुळीवर काळ्या गाठी, एकीच्या खाली दुसरी, तिच्या खाली तिसरी. एक नखानं सोललीत. आत पांढरी, आणि वास थेट दिवाळीच्या उटण्याचा.

“वहिनी, ही वरची गाठ जित्ती हाय तवर खालच्या निजून असत्यात. खुरप्यानं माळ तुटली की समद्या जाग्या हुत्यात. आत्ता भांगलून माझा रोज निघंल, पर तुमचं काम न्हाई व्हायचं. चैतात खणा. आन् गडी लावू नगा, सोता खणा. गड्याला ढेकळं दिसत्यात, गाठी दिसत न्हाईत.”

आणि नुसता चहा घेऊन निघालात. त्या दिवसाचा रोज बुडाला तुमचा. हळदीच्या रानात हयात भांगलण्यात गेली म्हणून तुम्हाला लव्हाळा कळतो, हे खरं. पण हातातलं काम सोडून खरं सांगायला नुसतं कळून भागत नाही. माझे आभार आहेत ते त्यासाठी.

पाडव्यानंतर परड्याचं पाणी तोडलं. काळी माती, उन्हानं भेगाळली की दगडच होते, पण भेगेत टिकाव घातला की ढेकूळ अख्खं उचलतं. फूटभर खणत गेले, ढेकळं उलटी करून उन्हात टाकली. आठ-पंधरा दिवसांनी फोडून गाठी वेचायच्या, पाटी भरली की गच्चीवर नेऊन वाळवायच्या. खताच्या खड्ड्यात एकही टाकली नाही, तुमची ताकीद होती. कंबरेनं भांडण काढलं, शेजारणीनं “वहिनी, सोनं सापडलं का?” म्हणून विचारून घेतलं.

मृगाचा पाऊस पडल्यावर ताग दाट फेकला. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, हे तुमचं वाक्य तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. ताग छातीला लागला तसं खाली जे काही फुटलं होतं, ते पिवळं, लेचंपेचं पडलं. फुलावर यायच्या आधी ताग कापून मातीत गाडला आणि वर उसाचं पाचट अंथरलं. त्यातूनही कोंब येतात. चार-पाच पानं व्हायच्या आत रोज सकाळी चहाच्या आधी काढते, कारण त्यानंतर तो खाली नवी गाठ धरायला लागतो.

गेला का? नाही. कुंपणाच्या कडेला शेजारच्या मोकळ्या प्लॉटातून अजून घुसतोय. तिथं रताळ्याचे वेल सोडलेत, त्यांनी जमीन झाकली की बघू. पण मधलं परडं मोकळं आहे आणि फरशीचा विषय घरात आता कोणी काढत नाही.

तिथं हळद लावायचीय. बेणं तुमच्याकडूनच हवं. अक्षय्य तृतीयेच्या आधी मी हरिपूरला येते. बेण्याचे पैसे घ्यायचे आणि त्या श्रावणातला रोजही. “ठिवा तुमच्याजवळ” म्हणालात तर बेणं तिथंच ठेवून परत येईन.

तुमची,
गावभागातली वहिनी