पावसाळ्यातला कार्बन मोजायचा कोणी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर सर्व्हेअर म्हणून माझी सारी नोकरी झाली. आधी साखळी, मग टोटल स्टेशन, म्हणजे प्रकाशकिरणाने अंतर मोजणारं यंत्र. ते लावलं की त्या वेळचं तापमान आणि हवेचा दाब भरायचा, मगच समोरच्या प्रिझमवर किरण सोडायचा. कारण हवेतून जाताना प्रकाशाचा वेग बदलतो आणि अंतर चुकतं. आमच्या लेखी हवा म्हणजे हिशेबातून काढून टाकायची चूक. आज उपग्रहावरच्या लेसरने त्या हवेचीच, तिच्यातल्या कार्बन डायऑक्साइडची, मोजणी होते आहे. आपल्याकडे मात्र असा उपग्रह नाही, म्हणून हे पत्र.

‘नासा’चा ओसीओ-२ हा उपग्रह जुलै २०१४ मध्ये अवकाशात गेला. जमिनीवरून परतलेल्या सूर्यप्रकाशावरून तो कार्बन डायऑक्साइड मोजतो. त्यामुळे रात्री त्याचा उपयोग नाही, ढग असले तरी नाही. म्हणजे मावळातला भात आणि सह्याद्रीचं रान जोमाने वाढतं, हवेतला कार्बन ओढून घेतं, नेमक्या त्याच महिन्यांत आपल्याकडची नोंद तुटपुंजी राहते. शेतीप्रधान देशाला हे परवडणारं नाही.

चीनने एप्रिल २०२२ मध्ये सोडलेल्या दाची-१ उपग्रहावर स्वतःचा लेसर आहे. १५७२ नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आसपासच्या तरंगलांबीचे दोन किरण तो खाली सोडतो. त्यातल्या एकाला हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, दुसरा जवळपास शाबूत परततो. दोघांच्या तीव्रतेतल्या फरकावरून वाटेतल्या वायूचं प्रमाण निघतं, आणि तेही रात्री-अपरात्री. दाट ढग लेसरलाही अडवतात, हे खरं. पण किरण बारीक असल्याने ढगांमधल्या फटींतून तो जमिनीपर्यंत पोचू शकतो. श्रावणातल्या आभाळाला एवढीही सोय मोठी आहे.

लेसर अवकाशात किती नेमका चालतो, हे ग्रेस फॉलो-ऑनने दाखवलंच आहे. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातले बदल मोजण्यासाठी २०१८ मध्ये सोडलेले हे जुळे उपग्रह एकमेकांपासून सुमारे २२० किलोमीटरवर धावतात आणि त्या अंतरातला नॅनोमीटरइतका बदल त्यांचा लेसर टिपतो. खालचं पाणी घटलं की तिथली ओढ कमी होते आणि हे अंतर बदलतं. आम्हाला किलोमीटरमागे काही मिलिमीटरची चूक चालायची! आधीच्या ग्रेस जोडीकडे मायक्रोवेव्ह होत्या, तरी राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि दिल्लीत २००२ ते २००८ या काळात १०९ घन किलोमीटर भूजल उपसलं गेल्याचं तिच्याच मोजणीवरून कळलं.

पुण्यात यासाठी लागणारं बरंच काही हाताशी आहे. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने सिंहगडावर हवेचे नमुने घेऊन कार्बन डायऑक्साइड मोजला आहे. हिंगोलीतल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपण्याच्या प्रकल्पामुळे आयुका या खगोलशास्त्र संस्थेभोवती लेसरने सूक्ष्म अंतरं मोजण्याचं ज्ञान जमतं आहे. उपग्रहाला वर्षं लागतील, पण अमेरिकेतही हे तंत्र आधी विमानावरूनच तपासलं गेलं. इस्रोने या संस्थांना सोबत घेऊन असं उपकरण विमानावर बसवावं आणि ऐन पावसाळ्यात पुणे ते कोकण किनारा अशा फेऱ्या कराव्यात. पडताळणीला सिंहगडावरचे आकडे घ्यावेत. केंद्र सरकारने त्यासाठी पैसा द्यावा आणि आपल्या खासदारांनी तो मागावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त सर्व्हेअर
कोथरूड, पुणे