जुन्या जीपला हिरवा रंग देण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या लष्करी जीप घेऊन त्या पुन्हा चालत्या करण्याची हौस वाढते आहे, पण बरेच जण सुरुवात रंगापासून करतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 121 नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना चालतो. तेव्हा खाकी किंवा करडा निवडावा, आरसी बुकात तोच नोंदवावा.

घेताना रेडिएटरच्या खालचा चॅसीचा (गाडीच्या सांगाड्याचा) आडवा दांडा पाहावा. गोल नळी असेल तर ती विलीज कंपनीची एमबी जीप, उलट्या 'यू'सारखा पत्रा असेल तर फोर्ड कंपनीची जीपीडब्ल्यू जीप. एकीची चॅसी, दुसरीची बॉडी असा प्रकार सर्रास खपवला जातो.

पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखालच्या खोलगट खणात बसते. तिथे पाणी-चिखल साचून तळ खालून सडतो. वरून टाकी ठणठणीत दिसते. ती बाहेर काढल्याशिवाय सौदा करू नये. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने फ्युएल पंपाचा जुना डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) आणि रबरी पाइप फुगतात, म्हणून ते आधीच व्हायटॉनचे (अशा इंधनात टिकणाऱ्या रबराचे) बसवावेत.

या जीपचे वायरिंग 6 व्होल्टचे आहे. त्यामुळे 12 व्होल्टच्या तुलनेत तेवढ्याच कामाला करंट दुप्पट लागतो. बाजारातली 12 व्होल्टची बारीक केबल लावली की स्टार्टर कण्हतो, आणि दोष बिचाऱ्या बॅटरीला! जाड केबल घ्यावी, अर्थिंगच्या जागी (जिथे बॅटरीची तार गाडीच्या धातूला जोडतात तिथे) रंग खरवडून धातू उघडा करावा.

आपला,
एक वाचक, नाशिक