पेस्ट कंट्रोलचं सर्टिफिकेट भिंतीवर, ढेकूण गादीत

मा. संपादक, स.न.

नर्सिंग होम, वृद्धाश्रम म्हटलं की तिथली फी, जेवण, स्टाफ यावर भरपूर लिहून येतं पण ढेकूण, झुरळं, उंदीर यांच्याबद्दल कोणी तोंड उघडत नाही म्हणून हे पत्र. माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे, अशाच एका ठिकाणी असते. तिच्या पाठीवर, दंडावर लाल पुरळ दिसलं तर घामोळं आहे, पावडर लावू असं सांगितलं गेलं. मी गादीच्या शिवणीची पट्टी उलटून बघितली तर पेनाने टिपके द्यावेत तसे काळे डाग ओळीने आणि पलंगाच्या स्क्रूच्या भोकात जिवंत ढेकूण!

मॅनेजरना विचारलं तर त्यांनी भिंतीवरचं सर्टिफिकेट दाखवलं, दर महिन्याला पेस्ट कंट्रोल होतं म्हणे. होतं म्हणजे काय, तर एक माणूस पंप घेऊन येतो, कोपऱ्यात फवारतो, सही घेतो आणि जातो. पेशंट तिथेच बेडवर. ज्यांना दमा आहे, ज्यांना स्वतःहून कूससुद्धा बदलता येत नाही त्यांनी तो वास घेत पडायचं, आणि ढेकूण मात्र मरत नाहीत कारण फवारणीच्या नेहमीच्या पायरेथ्रॉइड प्रकारच्या कीटकनाशकांना ते कधीच सरावलेत, अंड्यांवर तर फवारणीचा फारसा परिणामच होत नाही. अंडी साधारण 6 ते 10 दिवसांत फुटतात, मग महिन्याने येऊन काय उपयोग? चादरी-कपडे 60 अंशाच्या पाण्यात धुणं, पलंगाच्या फटींत वाफ मारणं, गादीला चेनचं बंद कव्हर घालणं आणि दोन आठवड्यांत परत तपासणं, हे करावं लागतं. व्हीलचेअरच्या शिवणीसुद्धा बघायला हव्यात, त्या कोणीच बघत नाही. झुरळांनी खाऊन मरावं म्हणून विषारी जेल लावतात आणि त्यावरच स्प्रे मारतात, मग झुरळं जेलला तोंडच लावत नाहीत.

आणखी एक, म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर चाव्याची खूण बऱ्याचदा उठतच नाही आणि डिमेन्शिया असेल तर सांगणार कोण? डायबेटिसने पाय बधिर झालेत त्यांना उंदीर कुरतडला तरी कळत नाही, इतकं हे गंभीर आहे. खाज सगळी ढेकणांचीच असंही नाही, खरूजही असू शकते आणि पहिल्यांदा होणाऱ्या खरजेची खाज सुरू व्हायला 4 ते 6 आठवडे लागतात, तोवर ती शेजारच्या बेडवर गेलेली असते. तिथे पंपवाल्याचा उपयोग नाही, डॉक्टरने बघून पेशंट, आयाबाई, नातेवाईक सगळ्यांना एकाच वेळी औषध द्यावं लागतं.

आयाबाईंना कृपया दोष देऊ नका, त्या बिचाऱ्या तेच ढेकूण घरी घेऊन जातात आणि आम्ही नातेवाईकही आमच्या पिशव्यांमधून आणत असू. राग येतो तो लपवण्याचा. बदनामी होईल म्हणून कोणाला काही सांगायचं नाही, आणि शेजारच्या बेडच्या घरच्यांना ते माझ्याकडून कळतं.

आमचं म्हणणं एवढंच आहे, प्रत्येक बेड दर आठवड्याला तपासून त्याची नोंद रजिस्टरमध्ये करा, ते रजिस्टर नातेवाईकांना मागितलं की दाखवा, फवारणी करायची असेल तर आधी कळवा आणि पेशंटला दुसऱ्या खोलीत हलवल्याशिवाय पंप आत आणू नका.

– एका पेशंटची मुलगी